हाडोळ्यावरची पाखरं

बोरखडीत आवडाबाईची गोफण प्रसिद्ध आणि जीभ त्याहून प्रसिद्ध. दोन्हींचा नेम चुकत नाही, असं गावातले लोक जरा लांब उभं राहून म्हणतात. सीताफळाच्या दिवसांत डोंगराच्या पायथ्याला तिच्या खोपीजवळून कुणी गेलं, की आधी गोफणीचा फटकारा ऐकू येतो आणि पाठोपाठ शिवी. ती माकडाला होती की आपल्याला, याचा उलगडा होईपर्यंत माणूस बांधापलीकडं पोचलेला असतो.

बोरखडी म्हणजे वैजापूरच्या उत्तरेला, शेतं संपून डोंगर एकदम उभा राहतो तिथलं गाव. आवडाबाई सत्तरीच्या पुढची. नक्की किती, ते तिलाही ठाऊक नाही आणि विचारायची कुणाची छाती नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा राजेंद्र वाळूजच्या कंपनीत कामाला, बायकोमुलांसह बजाजनगरात राहतो. दर फोनला तो म्हणतो, "माय, चल आता हिकडं." दर फोनला ती म्हणते, "अन् माकडं कोन हाकलील, तुझा सायब?" घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दारात मोगरा, दावणीला तांबडी नावाची एक म्हातारी गाय. आणि कड्याच्या अगदी पायाशी सीताफळीची जमीन.

त्या जमिनीला सरकारी कागदावर गट नंबर आहे. गाव मात्र तिला हाडोळा म्हणतं. पूर्वी गावात मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम महारवाड्याच्या गळ्यात बांधलेलं होतं. त्या कामापायी वाड्याच्या वाट्याला जो खडकाळ तुकडा यायचा, तो हाडोळा. ढोर तिथंच आणून टाकायचं. वरच्या कड्यावर गिधाडं रांगेनं बसलेली असायची. ती उतरायची आणि घटकाभरात नुसता सांगाडा उरायचा. वास नाही, रोगराई नाही. गावानं त्याबद्दल ना कधी पाखरांना बरं म्हटलं, ना माणसांना.

आवडाबाई लग्न होऊन आली ती बहात्तरच्या दुष्काळाच्या तोंडावर. वाड्यानं दीक्षा घेऊन वर्षं झाली होती, पण दोर काही सुटला नव्हता. पाटलाचा निरोप आला की सासरे धोंडिबा मान खाली घालून उठायचे. दुष्काळात ढोरं पटापटा पडायला लागली आणि निरोपावर निरोप यायला लागले. एके दिवशी धोंडिबा उठले, खुंटीवरचा दोर घेतला, चावडीवर गेले आणि तो पाटलापुढं ठेवून म्हणाले, "ज्याचं ढोर, त्याचा दोर. आजपासून आमचा हात लागायचा नाय." एवढंच बोलून ते घरी आले. गावानं विहीर बंद केली, पिठाची गिरणी बंद केली. वाड्यातल्या बाया कोरड्या ओढ्यात झिरे खणून वाटी वाटीनं घागर भरायच्या, त्यात ही नवी नवरी सगळ्यांच्या पुढं. शेवटी गावाला आपली ढोरं आपल्याच हातानं ओढावी लागली, आणि विहीरही उघडावी लागली. ही हकीकत सांगताना आवडाबाईचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो. तिचा आवाज खाली आलेला गावानं तेवढ्याच वेळी ऐकलेला आहे.

मग सासूसुना हाडोळा वेचायला लागल्या. बरगड्या, खुरं, शिंगं, दातांच्या कवळ्या. पाटी भरायची आणि बांधावर रिकामी करायची. हाडं घेणारा व्यापारी गाडी घेऊन यायचा आणि ढीग उचलायचा. पाऊस झाला की मातीखालून आणखी हाडं वर यायची, पुन्हा वाकायचं, पुन्हा वेचायचं. वर्षानुवर्षं हेच. ज्या दिवशी तिथं पहिलं सीताफळीचं बी पडलं, त्या दिवशी सासू म्हणाली, "आता हिला मळा म्हन." गाव हाडोळाच म्हणत राहिलं, पण आवडाबाईच्या तोंडून तो शब्द पुन्हा निघाला नाही.

गिधाडांवर तिचा दात होता. राजेंद्र शाळेत जायला लागला तेव्हा वरच्या आळीतली पोरं त्याला बघून म्हणायची, "गिधाड आलं रे." पोरगं रडत घरी यायचं. ती कड्याकडं बघायची, तर ती पाखरं माना खांद्यात घालून निवांत बसलेली. तिला वाटायचं, ही कड्यावर नाहीत, आपल्या कपाळावर बसलेली आहेत. पुढं कधीतरी ती कमी झाली आणि मग दिसेनाशी झाली. केव्हा गेली, कुणाच्याच ध्यानात नाही. गावाच्या कडेला कुत्री माजली, वारा फिरला की नाकाला पदर लावायची पाळी आली, मग जेसीबी आले आणि लोक मेलेलं ढोर मीठ टाकून खड्ड्यात पुरायला लागले. आवडाबाई म्हणाली, बरं झालं, कपाळ मोकळं झालं.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला ती झाडाखाली उभी राहून माकडांवर गोफण फिरवत होती. तेवढ्यात झाडांच्या शेंड्यांवरून एक सावली सरकत गेली. जी माकडं तिच्या दगडाला भीक घालत नव्हती, ती त्या सावलीला बघून चिडीचूप झाली. आवडाबाईनं वर पाहिलं. एक भलं मोठं पाखरू, पंख ताणलेले, एकदाही न हलवता, वाऱ्यावर नुसतं टेकून चाललं होतं. कड्याला वळसा घालून ते वरच्या कपारीत उतरलं आणि मान खांद्यात घालून बसलं.

त्या बसण्यावरूनच तिनं ओळखलं. ती पच्चकन थुंकली आणि म्हणाली, "आलास का?"

दुसऱ्या दिवशी कपारीत दोन होती.

राग धरायला माणूस लांब असावा लागतो. रोज डोळ्यासमोर असणाऱ्याचा राग धरायचा म्हणजे फार मेहनतीचं काम. सीताफळं उतरली, व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन गेला, राखणीचं काही काम उरलं नाही, तरी आवडाबाई भाकर बांधून खोपीवर यायचीच. विचारलं तर म्हणायची, तांबडीला चरायला आणलंय. बघायची मात्र वर. जोडी काटक्या आणायची, हिरवे डहाळे आणायची. मग एक जण कपारीतून हलेना. एक बसायचं, दुसरं जायचं. पहिलं आलं की दुसरं उठायचं. कधी कोणाची पाळी चुकली नाही. "माझा मालक एवढं करता तर म्या त्याच्यावर कशाला वरडले असते," असं ती तांबडीला म्हणाली.

एके दुपारी त्यातलं एक खाली आलं. खोपीमागं तांबडीसाठी पाण्याची दगडी डोण आहे, तिच्या काठावर उतरलं. आवडाबाई बाजेवर पडली होती, ती श्वास धरून तशीच राहिली. इतक्या जवळून तिनंही कधी पाहिलं नव्हतं. उभं राहिलं तर तिच्या कमरेला लागेल एवढं. अंग मातकट, मान उघडी आणि काळपट, तिच्यावर विरळ पांढरी लव, गळ्याशी पिसांची लोकर. चोच लांब, फिकट, टोकाला वळलेली. पाखरू डोणीत उतरलं आणि खळबळून अंघोळ करायला लागलं. पंखांनी पाणी पाठीवर घेतलं, मान बुडवली, पुन्हा पुन्हा. मग बाहेर येऊन उन्हाकडं पाठ करून दोन्ही पंख पसरून उभं राहिलं. ते पंख तिच्या बाजेहून लांब होते. आवडाबाईला वाटत आलं होतं की हा घाणेरडा जीव आहे. गावातल्या निम्म्या माणसांपेक्षा तो जास्त निगुतीनं अंघोळ करत होता.

"तुला बी लोक घानच म्हनत आले," ती हळूच म्हणाली. पाखरानं एक डोळा तिच्याकडं केला आणि पंख वाळवत राहिलं.

वनरक्षक सुलेखा मोटारसायकलवरून आली ती माघाच्या थंडीत. तरणी, खाकी कपडे, गळ्यात दुर्बीण. ती डोंगराच्या पलीकडच्या अंगानं जोडीवर नजर ठेवून होती. तिनं दुर्बीण आवडाबाईच्या डोळ्याला लावली. कपारीत मोठ्या पाखराच्या पायाशी पांढऱ्या लोकरीचा एक गोळा हलत होता.

"पिल्लू," सुलेखा म्हणाली. "वर्षाला एकच अंडं घालतात, आजी. एवढ्या मोठ्या मुलखात आता मोजकीच उरलीत ही."

"गेली कुठं मग बाकीची?"

"मेली. जनावर दुखण्यानं बसलं की वेदना थांबवायचं औषध टोचतात. ते जनावर मेलं आणि यांनी खाल्लं की यांचं मूत्रपिंड निकामी होतं. एका ढोरात औषध असलं तर अख्खा थवा जातो."

 इतकी वर्षं आवडाबाईला वाटत होतं की पाखरं कुठंतरी निघून गेली. ती मेली, आणि आपण बरं झालं म्हणालो, हे तिला लागलं.

सुलेखाचं काम वेगळंच होतं. या दिवसांत जोडीला खायला लांब लांब भटकावं लागत होतं, कारण सगळी ढोरं जमिनीखाली जात होती. जवळ एखादी मोकळी जागा हवी, जिथं औषध न दिलेलं मेलेलं जनावर टाकता येईल. विजेच्या तारा नकोत, कुत्र्यांचा सुळसुळाट नको, उतरायला सपाट खडक हवा. तिनं सगळा परिसर बघितला होता. तशी जागा एकच होती. आवडाबाईच्या जमिनीचं वरचं टोक, जिथं खडकामुळं झाड लागलेलं नव्हतं.

आवडाबाई उठून उभी राहिली. "बाई, हितली हाडं वेचून माझी बोटं वाकडी झाली, बघ. सासू तर वाकली ती वाकलीच, चितेवर बी सरळ झाली नाय. हितं हाड पडायचं नाय."

मग तिनं सुलेखाला दोराची हकीकत सांगितली, त्या खाली येणाऱ्या आवाजात. सुलेखा पुरतं ऐकून घेऊन म्हणाली, "मला हे माहीत नव्हतं, आजी. मी पुन्हा नाही विचारणार." आणि खरंच तिनं विचारलं नाही. ती पाणी पिऊन गेली. आवडाबाईला वाटलं, ही जरा भांडली असती तर बरं झालं असतं.

राजेंद्रला फोनवर कळलं तेव्हा तो कधी नव्हे तो तापला. "माय, आज्ज्यानं दोर ठिवला, तू परत हाडं आनायचा इचार तरी कसा करती? मला शाळेत काय म्हनायचे, इसरली?"

"नाय इसरले. म्हनून तर नाय म्हनलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पोराचं बरोबर होतं. तिचंही बरोबर होतं. अडचण एवढीच होती, की पिल्लू रोज मान वर करून बसलेलं दिसायचं. सुलेखा येता-जाता दुर्बीण हातात द्यायची. आई की बाप कोण ते कळत नसे, पण जे यायचं ते कित्येकदा रिकाम्या गळ्यानं यायचं. भरलेला गळा फुगलेला दिसतो, ते सुलेखानं दाखवलं होतं. पिल्लू चोचीत चोच घालायला बघायचं, मोठं पाखरू मान वळवायचं. आवडाबाईला ते मान वळवणं ओळखीचं होतं. बहात्तर साली तिची सासू ताटावरून अशीच मान वळवायची, मला भूक नाय म्हणून.

पुढच्या ग्रामसभेत आवडाबाई उठून उभी राहिली आणि सभा सावध झाली.

"माझा हाडोळा हाय ना," ती म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून ऐकून वाड्यातली माणसं चमकली. "त्याचं वरचं टोक म्या पाखरांना देते. कुनाचं ढोर मेलं, अन् त्याला औषध दिलेलं नसलं, तर आनून टाका. पर एक अट हाय. ज्याचं ढोर, त्याचा दोर. मालकानं सोता यायचं, सोताच्या हातानं ओढायचं. गडी लावायचा नाय, वाड्यातल्या मानसाला पैशे देऊन बी सांगायचं नाय. अन् हाडं उरली तर ती बी मालकानं वेचायची."

कुणी तरी हसलं. "मग तुझी गिधाडं उपाशी मरतेत बघ, आवडाआज्जी."

"मरू देत. पर अट मोडून जगायची नायत."

म्हणाली खरी, पण घरी येऊन तिला भाकर गेली नाही. कारण हसणारा खोटं बोलत नव्हता. त्यानंतर गावात एक म्हैस मेली, एक वासरू मेलं. दोन्ही वेळा जेसीबीचा आवाज आला आणि दोन्ही वेळा खड्डा बुजला. आपल्या अटीपायी पिल्लू मरणार, की पिल्लापायी धोंडिबांचा शब्द मोडणार, या विचारानं तिचा जीव मेटाकुटीला आला. शिव्यासुद्धा कमी झाल्या. माकडं शेफारली.

आणि एके सकाळी बांधावर ट्रॅक्टर आला. चालवत होता अभय, आणि मागं ट्रॉलीत मेलेल्या बैलाच्या डोक्याशी बसला होता त्याचा बाप काकासाहेब. ज्या पाटलापुढं धोंडिबांनी दोर ठेवला होता, त्या पाटलाचा हा मुलगा. बैलाचं नाव हौशा. ट्रॅक्टर आल्यावरही म्हाताऱ्यानं त्याला विकलं नव्हतं, नुसतं बसवून खाऊ घातलं होतं.

सुलेखा निरोप मिळताच आली. तिनं विचारलं, "जनावराच्या डॉक्टरचं काही औषध झालं होतं का?"

"डॉक्टर आलाच नाय," काकासाहेब म्हणाला. "म्हातारपनानं बसला, उठला नाय."

ते खरंही होतं. सुलेखा समोरच्या उतारावर दुर्बीण घेऊन जाऊन बसली. काकासाहेबानं धोतर खोचलं, हौशाच्या पायाला स्वतः दोर बांधला आणि बाप-लेकांनी तो ट्रॉलीतून ओढून खडकावर घेतला. आवडाबाई लांब उभी राहून बघत होती. पाटलाच्या हातात दोर. तिला सासरे आठवले आणि डोळे भरून आले, आणि डोळे भरले म्हणून स्वतःचाच राग आला.

अभय ट्रॅक्टर घेऊन गेला. काकासाहेबाचे गुडघे गेलेले, तो सीताफळीखाली टेकला. आवडाबाईनं तांब्या पुढं केला. त्यानं क्षणभर तांब्याकडं पाहिलं आणि घटाघटा पाणी प्यायला.

"गाडायचंच म्हनत हुता अभय," तो तोंड पुसत म्हणाला. "पर त्याच्या तोंडावर मीठ-माती टाकायला माझा हात धजंना. त्यापरीस आभाळात गेलेला बरा वाटला, आवडे."

"बरं केलं."

"लई दुखत हुतं त्याला. माझ्यावानीच. बसलं की उठता येईना. मग म्या माझीच सुई टोचली त्याला, गुडघ्याची, उरलेली. जरा निवांत झाला बिचारा."

आवडाबाई गर्रकन त्याच्याकडं वळली. "कंची सुई?"

"अगं, मानसाची. दुखनं थांबायची. जनावराचं औषध नाय ते."

आवडाबाईनं वर पाहिलं. जोडीतलं एक घिरट्या घेत खाली येत होतं, आणि त्याच्या वर, कुठून आली कुणास ठाऊक, आणखी तीन पाखरं होती. कपारीतलं धरून, इतक्या वर्षांनी कड्यावर पाच गिधाडं एकदम. तिनंच बोलावलेली.

खोपीत टांगलेली गोफण तिनं कधी ओढली हे तिलाही कळलं नाही. ती हौशापाशी जाऊन उभी राहिली आणि गोफण फिरवायला लागली. दगड पाखराला लागू नये, पण जवळून जावा, एवढा नेम तिला होता. पहिलं पाखरू जमिनीला पाय लावणार तोच फटकारा वाजला आणि ते दचकून पुन्हा उठलं. "जा," ती ओरडत होती, "जा मुडद्यांनो, ईख हाय ते, जा." भुकेली पाखरं उठायची, वळायची, पुन्हा उतरायची. तिच्या खांद्यातून कळ निघत होती आणि ती रडत होती.

काकासाहेब धडपडत आला. त्याला आत्ता कुठं उमगलं होतं. "ओढू मागं," तो म्हणाला आणि सवयीनं बोलून गेला, "दोर धर गं आवडे."

तिचा फिरता हात थांबला नाही. "दोर तुमचा. पाखरं माझी," ती म्हणाली.

म्हातारा एक क्षण उभा राहिला. मग वाकला, दोर मनगटाला गुंडाळला आणि ओढायला लागला. एवढा बैल एकट्याच्यानं काय हलतोय. मग त्यानं दोर टाकला, बांधावरच्या बाभळीच्या वाळल्या फांद्या ओढत आणल्या आणि हौशावर रचायला लागला. काट्यांनी हात सोलवटले, धोतर फाटलं, गुडघा टेकून टेकून तो फांद्या आणत राहिला. समोरच्या उतारावरून सुलेखा धावत आली, काय झालं ते ऐकून तशीच रेंजसाठी बांधाकडं धावली आणि अभयला फोन लावला. ट्रॅक्टर परत येईपर्यंत आवडाबाईची गोफण थांबली नाही आणि काकासाहेबाच्या फांद्या थांबल्या नाहीत. एकाही पाखराची चोच हौशाला लागली नाही.

हौशाला अखेर खड्ड्यातच जावं लागलं. सुलेखा म्हणाली, "मी विचारायला हवं होतं तसं विचारलं नाही. जनावराच्या डॉक्टरचं औषध विचारलं, माणसाचं विचारलंच नाही."  काकासाहेबाचे हात रक्तानं भरले होते. आवडाबाईनं हळद आणून त्याच्यापुढं ठेवली, लावली मात्र नाही.

खरी गंमत त्यानंतर झाली. नवा मुल्ला जोरात बांग देतो म्हणतात, तसं काकासाहेबाचं झालं. गावात कुणाचं जनावर आजारी पडलं कळलं की हा काठी टेकत दारात हजर. "काय टोचलं? जनावराचं सांगू नका, मानसाचं बी सांगा. गुडघ्याचं, पाठीचं, सासूचं, समदं सांगा." लोक बेजार झाले, पण सुई टोचताना विचार करायला लागले. आणि पाटील स्वतः दोर धरून ओढत होता हे सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामुळं बाकीच्यांची लाज मोडली. आधी एका गवळ्यानं कालवड आणली, स्वतः ओढली. मग कुणाची शेळी आली. पाखरं उतरली, फिसकारली, एकमेकांच्या पाठीवर चढून भांडली, जेवली. आवडाबाई खोपीतून बघायची आणि म्हणायची, अगदी आपल्या लग्नाची पंगत. हाडं मालकांनी वेचून नेली. ज्यानं कंटाळा केला, त्याच्या दारापर्यंत तिची जीभ पोचली.

होळी झाली आणि तांबडी बसली. आवडाबाईनं गूळपाणी पाजलं, अंगावर पोतं टाकलं, मान मांडीवर घेतली. सुई टोचू दिली नाही, म्हातारपण म्हणजे आजार नव्हे म्हणाली. दोन दिवसांनी सकाळी तांबडीनं खोपीपाशीच जीव सोडला.

राजेंद्र बजाजनगरहून पहिल्या गाडीनं आला. आईला जवळ घेतलं, आणि मग म्हणाला, "जेसीबीवाल्याला फोन करतो."

"नगं. वर न्यायचं तिला."

"माय, आपन?" त्याचा चेहरा पडला. "आपल्या घरानं?"

"अट आपल्याच घराची हाय," ती म्हणाली. "ज्याचं ढोर, त्याचा दोर. परक्याचं ढोर वडायचं नाय म्हनला तुझा आज्जा. तांबडी परकी हाय व्हय? हिला कुनी सांगितलं म्हनून न्हेत नाय मी. माझी हाय म्हनून न्हेते."

तिनं तांबडीच्याच गळ्यातलं दावं सोडलं आणि पायाला बांधलं. गाय पार सुकलेली होती, खाली पाचोळा आणि पोती घातली होती, तरी पहिल्या हिसक्याला ती हलली नाही. राजेंद्र बघत उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढं काय काय असेल, ते त्यालाच ठाऊक. तेवढ्यात बांधावरून काठीचा आवाज आला. काकासाहेब आला, मागं अभय. म्हाताऱ्यानं काठी सीताफळीला टेकवली, धोतर खोचलं आणि आवडाबाईच्या हाताशेजारी दाव्याला हात घातला.

"सोडा," ती म्हणाली. "माझं ढोर हाय."

"ठावं हाय मला. दोर माझ्याकडं द्या, आवडाबाई," तो म्हणाला. "तुमी पाखरं बघा."

तिनं दावं सोडलं नाही. पण थोडं बाजूला सरकून त्याला जागा केली. मग राजेंद्र पुढं आला आणि त्यानं आईच्या मागून दावं धरलं. अभयनं पाठीकडून रेटलं. तांबडी पाचोळ्यावरून सरकली आणि हळूहळू वरच्या खडकावर गेली.

सगळे सीताफळीखाली येऊन बसले. फार वेळ लागला नाही. पाखरं एकामागून एक उतरली, पंख मिटले आणि जेवायला बसली. एकाचा गळा भरला तसं ते जड अंगानं धावत गेलं, वाऱ्यावर उठलं आणि कपारीकडं वळलं. तिथं आता लोकरीचा गोळा नव्हता, पिसं फुटलेलं मोठं पिल्लू होतं. ते पंख हापसत ओरडत होतं.

राजेंद्र बराच वेळ वर बघत होता. मग म्हणाला, "माय, शाळेत मला हेच म्हनायचे."

"व्हय," आवडाबाई म्हणाली. "बघ की मग, केवढं मोठं पाखरू हाय."

आणि तिनं तांब्या आधी काकासाहेबापुढं सरकवला.